हलकी तरीही भरवशाची : बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलीची पार्श्वभूमी

डोंगराळ मुलखात दिवसभर खांद्यावर वागवायची शिकारी रायफल हलकी असावी आणि ऐन वेळी दगा न देणारीही असावी, या दोन अपेक्षांनी गेली सव्वाशे वर्षे बंदूक बनवणाऱ्यांना पेचात टाकले आहे. आज अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये किंवा युरोपात परवाना काढून शिकार करणाऱ्यासमोर अडीच-तीन किलोंच्या अनेक रायफली असतात. त्यांतली विश्वासाची कोणती हे ठरवताना वजनाचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. ते वजन रायफलीच्या कोणत्या भागातून काढले आहे, हे पाहावे लागते.

नळीचे मागचे तोंड बंद करणारा, दाराच्या कडीप्रमाणे पुढे सरकवून फिरवायचा बोल्ट मोठ्या सैन्याच्या हाती प्रथम आला तो योहान निकोलाउस फॉन ड्रायझे यांच्या बंदुकीतून. प्रशिया या जर्मन राज्याने ती १८४१ मध्ये स्वीकारली. आजच्या शिकारी रायफलीचे मूळ मात्र जर्मनीतील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या माउझर कारखान्यात आहे. पाउल माउझर यांची जी रायफल जर्मन सैन्याने १८९८ मध्ये घेतली, तिच्या बोल्टला पुढच्या टोकाशी, तो जागी अडकवून ठेवणाऱ्या, दोन भक्कम खुंट्या होत्या आणि त्या निकामी झाल्याच तर आधाराला मागे तिसरी होती. काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी फुटलीच तर मागे येणारा वायू नेमबाजाच्या डोळ्यांत न जाता बाजूला निघून जावा, अशी सोय होती. सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बोल्टच्या उजव्या अंगाला बसवलेला लांब, लवचीक पोलादी पंजा. मॅगझीनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, काडतूस वर येताच हा पंजा त्याच्या बुडाची कड पकडतो आणि बार झाल्यावर रिकामे कवच बाहेर फेकले जाईपर्यंत ती सोडत नाही. घाईत एखाद्याने बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे खेचला, तरी काडतूस त्याच्याबरोबर परत येते; त्यामुळे एकामागे दुसरे काडतूस कोंबले जाऊन रायफल अडकण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. माझ्या मते शिकारी रायफलीच्या भरवशाची कसोटी त्या पंजाने घालून दिली आणि पुढची प्रत्येक रायफल, कळत नकळत, तिच्यावरच घासून पाहिली गेली.

ती लष्करी रायफल चार किलोंहून जड होती. लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने माउझरची तीच यंत्रणा घेऊन आखूड नळीची, सडपातळ दस्त्याची शिकारी रायफल बांधली आणि तिच्या सात मिलिमीटरच्या काडतुसाला .२७५ रिग्बी असे नाव दिले. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी जिम कॉर्बेट यांना भेट दिली ती याच प्रकारची रायफल. कुमाऊँच्या चढणींवर मैलोन्मैल पायी हिंडणाऱ्या माणसाला जड दुनळीपेक्षा ती सोयीची होती, यात नवल नाही. (भारतापुरता हा सारा विषय आता इतिहासाचा आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकारीला बंदी घातली, आणि ती योग्यच आहे.) आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. तो संहार आज वाचताना मन विषण्ण होते, तथापि बेल यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे : हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासायची आणि हलक्या, सौम्य धक्क्याच्या रायफलीने गोळी नेमकी तिथेच घालायची. ऑस्ट्रियातील श्टायर येथे १९०३ पासून बनलेली मानलिखर-शोनाउअरची आखूड कार्बाइनही आल्प्समधल्या शिकाऱ्यांमध्ये अशाच गुणांमुळे नावाजली गेली.

या काळात हलकेपणा आणि विश्वास यांचा मेळ बसला, त्याचे एक कारण काडतूस सौम्य होते हे आहे. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन ३.६ किलोंवरून २.४ किलोंवर आणले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. त्या धक्क्याच्या धास्तीने माणूस चाप ओढण्यापूर्वीच अंग आकसतो आणि नेम चुकतो. म्हणून अतिशय हलक्या रायफलीत जबर काडतूस घेण्याचा मोह टाळावा, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकेत विंचेस्टरने १९३६ मध्ये आणलेल्या मॉडेल ७० मध्ये माउझरचा पंजा कायम होता. तिची फेदरवेट आवृत्ती १९५२ मध्ये निघाली तेव्हा नळी आखूड व बारीक केली गेली, चापाभोवतीची कडी आणि मॅगझीनचे तळझाकण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले, पण बोल्टला कोणी हात लावला नाही. रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने १९४८ मध्ये वेगळी वाट धरली होती : काडतुसाचे बूड बोल्टच्या तोंडातल्या खोलगट कड्यात बसवायचे आणि ते ओढून काढायला एक लहानसा आकडा ठेवायचा. ही रचना स्वस्त होती, मजबूतही होती, आणि १९६२ च्या मॉडेल ७०० ने ती घरोघरी पोहोचवली. खर्चाच्या दडपणाखाली विंचेस्टरने १९६४ मध्ये पंजा काढून टाकला, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचा इतका संताप झाला की आधीच्या रायफलींच्या किमती चढत गेल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीला पंजा परत आणावा लागला. ज्याला हिंस्र श्वापदांच्या प्रदेशात जायचे आहे त्याने पंजाचा आग्रह धरावा. हरणाच्या शिकारीला मात्र दुसरी रचना पुरेशी ठरल्याचे साठ वर्षांच्या वापराने दिसून आले आहे.

वजनाचा खरा प्रश्न सोडवला तो वेस्ट व्हर्जिनियातील मेल्व्हिन फोर्ब्स यांनी, १९८० च्या दशकाच्या मध्यावर. तोपर्यंत दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असे. ओलीने तो फुगला की नळीवर दाब येऊन नेम सरके, आणि लाकूड फार तासले तर दस्ता तडके. फोर्ब्स यांनी केव्हलार हा मजबूत कृत्रिम धागा आणि ग्रॅफाइट यांचा दस्ता बनवला. तो साधारण अर्ध्या किलोचा असूनही लाकडापेक्षा ताठ होता, आणि म्हणूनच नळी टोकापर्यंत त्यात टेकवून बसवता आली. बोल्टची पेटी त्यांनी पोलादाचीच ठेवली, फक्त काडतुसाला लागते तेवढ्याच मापाची केली. वीस औंस, म्हणजे सुमारे ५६५ ग्रॅम वजनाच्या या यंत्रणेवरूनच रायफलीचे नाव मॉडेल २० पडले. पूर्ण रायफल सव्वादोन किलोंच्या आसपास भरे आणि तरीही तिच्यात पोलाद जिथे हवे तिथे शाबूत होते. किंबरसारख्या कंपन्यांनी पुढे काढलेल्या पहाडी रायफलींमागे हाच विचार आहे.

भरवसा नुसत्या बोल्टवर अवलंबून नसतो. २००६ ते २०१४ या काळात बनलेल्या रेमिंग्टनच्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफलींच्या चापाच्या यंत्रणेत चिकटद्रव्य प्रमाणाबाहेर लागल्याने चाप न ओढताही बार होण्याची शक्यता असल्याचे आढळले, आणि कंपनीने २०१४ मध्ये त्या रायफली परत मागवल्या. वापरलेली रायफल घेणाऱ्याने म्हणूनच मॉडेलच्या नावावर न थांबता बनावटीचा काळ आणि ती दुरुस्ती झाली आहे की नाही, हे तपासून घ्यावे.

अलीकडच्या काळात सर्वाधिक चर्चा झाली ती फिनलंडच्या टिक्का टी३ची. २००३ मध्ये आलेल्या या रायफलीचा दस्ता आणि मॅगझीन प्लास्टिकचे, नळी मात्र उत्तम आणि बोल्ट लोण्यासारखा सरकणारा. लाइट प्रकारचे वजन तीन किलोंच्या आत. तिच्यात खुपणारी गोष्ट म्हणजे धक्का पेलून तो दस्त्याकडे सोपवणारा लहानसा ठोकळा ॲल्युमिनियमचा होता आणि जबर काडतुसांच्या वापराने तो चेपला जात असे. २०१६ च्या टी३एक्समध्ये हा ठोकळा पोलादाचा झाला आणि बोल्टच्या मागची प्लास्टिकची टोपीही धातूची करण्यात आली.