सी अर्चिनच्या अंड्यातून फलनावेळी बाहेर पडणारी प्रोटीन्स

सी अर्चिन हा समुद्रतळावर राहणारा काटेरी, कंटकचर्मी प्राणी. याची मादी अंडी थेट समुद्राच्या पाण्यात सोडते आणि फलन शरीराबाहेर होतं. पहिला शुक्राणू अंड्याला जुळला की मिनिटभरात अंडं आपल्या पृष्ठभागाखाली साठवून ठेवलेली प्रोटीन्स बाहेर टाकतं आणि त्यांच्यापासून अंड्याभोवती एक कडक पारदर्शक भिंत उभी राहते, तिला फलन आवरण म्हणतात. शुक्राणू आल्यावर अंडं ही प्रोटीन्स बनवायला घेत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सगळा माल अंडाशयातच तयार होऊन पिशव्यांमध्ये भरून ठेवलेला असतो, फक्त तो एकमेकांत मिसळायचा बाकी असतो.

मायक्रोस्कोपखाली हे प्रत्यक्ष बघता येतं. अंड्यांच्या थेंबात पातळ केलेले शुक्राणू सोडले की ते अंड्याला सगळीकडून चिकटतात, पहिले वीसेक सेकंद काही झालंय असं वाटतच नाही, मग एका बाजूला अंड्याच्या कडेपासून फोडासारखा बारीक पापुद्रा सुटतो आणि तो सुटत सुटत दोन्हीकडून फिरून पलीकडे जाऊन मिळतो. मिनिटभरात अंड्याभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं आणि उशिरा आलेले शुक्राणू त्याच्या बाहेर राहतात. हे आवरण उचललं जाताना आल्फाँस देर्बेस या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1847 मध्येच पाहिलं होतं, पण त्यामागची प्रोटीन्स हाती लागायला सव्वाशे वर्षं गेली.

एवढी धावपळ का, तर दुसरा शुक्राणू आत शिरला तर भ्रूण वाचत नाही. प्रत्येक शुक्राणू स्वतःचं सेंट्रोसोम, म्हणजे विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांचं केंद्र, घेऊन येतो, त्यामुळे दोन शिरले तर पेशीविभाजनाची ओढाताण चार ध्रुवांकडे होते आणि गुणसूत्रं वाटेल तशी वाटली जातात. थिओडोर बोवेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच अंड्यांवर हे दाखवलं. सुरुवातीला अंडं विजेवर भागवतं, म्हणजे पटलाचा (अंड्याच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्याचा) व्होल्टेज उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असतो तो एकदम धन बाजूला जातो आणि नवा शुक्राणू जुळू शकत नाही. पण ही सोय मिनिटभराचीच, तेवढ्यात कायमची भिंत तयार व्हायला लागते.

ती प्रोटीन्स असतात कॉर्टिकल ग्रॅन्युल नावाच्या पिशव्यांत. जांभळ्या सी अर्चिनच्या एका अंड्यात, ज्याचा व्यास साधारण 80 मायक्रोमीटर असतो, अशा सुमारे 15,000 पिशव्या पटलाला आतून खेटून बसलेल्या असतात आणि प्रत्येक जेमतेम एक मायक्रोमीटरची. शुक्राणू जिथे जुळतो तिथून अंड्याच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटायला लागतं, त्याची लाट अर्ध्या मिनिटाच्या आसपास पूर्ण अंड्यातून जाते आणि ती जिथे पोचेल तिथल्या पिशव्या पटलाशी एकजीव होऊन बाहेर उघडतात. रिचर्ड स्टाइनहार्ट आणि डेव्हिड एपेल यांनी 1974 मध्ये शुक्राणूशिवाय, नुसतं कॅल्शियम सोडवणारं औषध घालून हे घडवून दाखवलं, भिंत तशीच उभी राहिली.

बाहेर पडणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचं काम प्रोटिएझचं, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचं. पिशवीतल्या आम्लधर्मी वातावरणात ते गप्प असतं आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच लागला की जागं होतं, म्हणून साठवणीत ते शेजाऱ्यांना कापत बसत नाही, ही सोय मला फारच सुंदर वाटते. अंड्याच्या पटलावर पीतक आवरण नावाचं पातळ जाळं प्रोटीनच्या खुंट्यांनी अडकवलेलं असतं, त्या खुंट्या हे एन्झाइम तोडतं. पिशव्यांतूनच आलेली साखरेच्या साखळ्यांची द्रव्यं पाणी ओढून घेतात आणि सुटं झालेलं जाळं फुगून वर उचललं जातं. हे फक्त अंदाजाने म्हटलेलं नाही, सोयाबीनमधला ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एक एन्झाइम) रोखणारा घटक पाण्यात घातला की प्रोटिएझ अडतं, आवरण नीट उचलत नाही आणि एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात.

पण उचललेलं जाळं अजून मऊच असतं. त्यात पिशव्यांतली बांधकामाची प्रोटीन्स जाऊन बसतात आणि प्रोटिओलिएझिन नावाचं प्रोटीन ओव्होपेरॉक्सिडेझ या एन्झाइमला तिथे धरून ठेवतं. अंडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, ते वापरून ओव्होपेरॉक्सिडेझ शेजारशेजारच्या प्रोटीन्समधले टायरोसिन (एक अमिनो आम्ल) एकमेकांना कायमचे जोडतं आणि काही मिनिटांत भिंत घट्ट होते. फलनानंतर अंडं एकदम जास्त ऑक्सिजन ओढतं हे ओटो वारबुर्गने 1908 मध्येच मोजलं होतं, त्यातला बराच ऑक्सिजन या पेरॉक्साइडसाठी जातो हे सत्तरच्या दशकात कळलं. पेरॉक्साइड अंड्याला स्वतःलाही घातकच, म्हणून आत ओव्होथायॉल नावाचा छोटा रेणू भरपूर असतो, तो आलेलं पेरॉक्साइड निकामी करतो. प्रयोगशाळेत आवरण काढून टाकायचं असेल तर फलनाच्या वेळी पाण्यात अमिनोट्रायझोल घालतात, त्याने ओव्होपेरॉक्सिडेझ बंद पडतं, आवरण मऊ राहतं आणि अंडी बारीक जाळीतून गाळली की ते निघून येतं. एकदा घट्ट झालं की मग ही युक्ती चालत नाही.

हायलिन हे मोठं प्रोटीन मात्र भिंतीत जात नाही, ते पटलाजवळच राहतं आणि समुद्रातल्या कॅल्शियमने त्याचा जेलीसारखा थर बनतो. अंड्याचं विभाजन झालं की नव्या पेशी या थराला धरून राहतात. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवल्यावर भ्रूणाच्या पेशी सुट्या होतात हे कुर्ट हेर्ब्स्टने 1900 मध्ये दाखवलं होतं, त्यात या थराचं विरघळणंही आलंच. पुढे भ्रूण पोकळ गोळ्याच्या अवस्थेत आला की स्वतः एक वेगळं एन्झाइम सोडून ती कडक भिंत विरघळवतो आणि बाहेर पोहायला लागतो, तेव्हाही हायलिनचा थर त्याच्या अंगावर असतोच.