पौलाचा कालपट : आधी पत्रे की आधी कृत्ये?

ख्रिस्ती धर्माचा पहिल्या शतकातला प्रेषित पौल याच्या आयुष्यातले एकही वर्ष बायबलच्या नव्या करारात दिलेले नाही. अभ्यासपुस्तिकांत त्याच्या नावापुढे जे सन छापलेले असतात, ते सगळे मागाहून हिशेब करून काढलेले आहेत. हिशेब कुठल्या साधनापासून सुरू करायचा यावर आकडे बदलतात, आणि साधने मुळात दोनच आहेत. एक त्याची स्वतःची पत्रे, दुसरे ‘प्रेषितांची कृत्ये’, म्हणजे नव्या करारातलाच, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीची हकिकत सांगणारा ग्रंथ.

ही दोन साधने एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत. पौलाने पत्र लिहिल्याचे कृत्यांत एकदाही आलेले नाही. उलट तार्स हे गाव, रोमी नागरिकत्व, गमलिएलाच्या पायाशी झालेले शिक्षण, शौल हे नाव यांतले पत्रांत काहीच सापडत नाही. आपण रविवारच्या शाळेत शिकलेले पौलाचे बरेचसे चरित्र कृत्यांतून आले आहे. बायबलच्या शेवटी असलेले पौलाच्या तीन प्रचारफेऱ्यांचे रंगीत नकाशेही त्याच ग्रंथावर बेतलेले. पत्रांपुरते बोलायचे तर ‘पहिली फेरी, दुसरी फेरी’ असा भाग कुठेच नाही.

पत्रांचा संग्रह फार लवकर तयार झाला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये पाखंडी ठरलेल्या एका शिक्षकाच्या हाती दहा पत्रांचा संच होता. इ.स. २०० च्या सुमाराच्या पपायरसाच्या एका वहीत रोमकरांच्या पत्रापाठोपाठ इब्री लोकांस पत्र येते. म्हणजे तेव्हा काहींच्या लेखी तेही पौलाचेच होते. आजचा क्रम साधारणपणे लांबीवर बेतलेला आहे : मंडळ्यांना (गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेली पत्रे आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, दोन्हीकडे लांब आधी आणि छोटे शेवटी. म्हणून सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक असलेले थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र आठव्या जागी सापडते, आणि बरेच उशिरा लिहिलेले रोमकरांस पत्र सुरुवातीला. मराठीत छापील नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूर-बंगालहून आला, तेव्हापासून आपणही याच क्रमाने वाचत आलो आहोत.

खरी तोडफोड सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत. १८०७ मध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या लेखकत्वावर शंका घेतली गेली. पुढे १८३० आणि १८४० च्या दशकांत ट्यूबिंगेनच्या एका प्राध्यापकाने रोम, करिंथची दोन आणि गलती एवढी चारच पत्रे निःसंशय पौलाची मानली, आणि कृत्ये हा पेत्र व पौल यांच्या गटांत समेट घडवण्यासाठी रचलेला उशिराचा ग्रंथ ठरवला. चारचा आकडा पुढे टिकला नाही. आज बहुतेक अभ्यासक त्यात फिलिप्पै, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोन धरून सात म्हणतात. पण कृत्यांवर पडलेला संशय मात्र कायम राहिला.

संशयाची मुख्य जागा गलतीकरांच्या पत्राचे पहिले दोन अध्याय. तिथे पौल शपथेवर सांगतो की दिमिष्कच्या प्रसंगानंतर, म्हणजे तो येशूचा अनुयायी झाला त्यानंतर, तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, पंधरा दिवस राहिला, आणि नंतर चौदा वर्षांनी पुन्हा गेला. शपथ घेऊन सांगणारा माणूस मधली एखादी भेट गाळेल, असे मानणे कठीण. रोमकरांच्या पत्रात यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी घेऊन तिकडे निघण्याचा बेत आहे, म्हणजे एकूण तीन भेटी. कृत्यांत मात्र पाच मोजता येतात. त्यातली दुसरी, अकराव्या अध्यायातली, दुष्काळाची मदत पोचवण्यासाठी. पंधराव्या अध्यायातली, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही या वादावरची.

मग गलतीमधली दुसरी भेट यांपैकी कुठली? पंधराव्या अध्यायातली म्हणावी तर तपशील जुळत नाहीत. पौलाच्या सांगण्यात प्रमुखांशी खासगीत बोलणे झाले आणि गरिबांची आठवण ठेवा एवढीच सूचना मिळाली. कृत्यांत भरसभा आहे, आणि मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी व जारकर्म यांबाबतचा लेखी ठराव मंडळ्यांना धाडला आहे. पुढे करिंथकरांना मूर्तींच्या नैवेद्यावर पौल तीन अध्याय लिहितो आणि या ठरावाचा उल्लेखही करत नाही. तो ठराव त्याच्यासमोर झाला असेल, तर हे मौन समजत नाही.

अकराव्या अध्यायातली भेट धरली तर ही अडचण जाते, पण दुसरी उभी राहते. दुष्काळ साधारण ४६ चा. त्यातून चौदा आणि तीन मिळून सतरा वर्षे वजा केली तर दिमिष्क २९ वर जाते, आणि येशूचा वधस्तंभ तर बहुतेक जण ३० किंवा ३३ मध्ये धरतात. म्हणून तीन वर्षे चौदांत समाविष्ट आहेत असे म्हणावे लागते, किंवा अपुरे वर्षही पूर्ण मोजण्याच्या तेव्हाच्या रीतीवर भिस्त ठेवावी लागते. ही वाट पत्करणाऱ्यांत आशिया मायनर पायाखाली घातलेला ॲबर्डीनचा एक प्राध्यापक महत्त्वाचा. गलती म्हणजे उत्तरेकडचा अंकाराचा मुलूख नसून रोमी प्रांताचा दक्षिण भाग, म्हणजे अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र व दर्बे ही गावे, असे त्याने मांडले. तसे असेल तर हे पत्र सभेच्या आधीचे, कदाचित सर्वांत पहिलेच ठरते. भूगोलाचा प्रश्न असा कालक्रमात शिरला.

या सगळ्या हिशेबाला बाहेरचा एकच भक्कम खुंटा मिळाला, तो डेल्फीच्या उत्खननात. १९०५ मध्ये तिथल्या एका शिलालेखाचे तुकडे प्रसिद्ध झाले. पुढे आणखी जोडले जाऊन नऊ झाले. सम्राट क्लौद्याचे हे पत्र डेल्फीची वस्ती घटल्याबद्दल आहे आणि त्यात ‘माझा मित्र’ म्हणून अखयाचा, म्हणजे करिंथ ज्यात येते त्या दक्षिण ग्रीसचा, प्रांताधिपती गल्लियो येतो. सम्राटाच्या सव्विसाव्या विजयघोषाचा (विजयानंतर होणाऱ्या या जयघोषांची गणती ठेवली जाई) उल्लेख असल्याने हे पत्र ५२ च्या ऑगस्टपूर्वीचे ठरते. त्या ऑगस्टमधल्या रोमच्या जलवाहिनीवर सत्ताविसावा कोरलेला आहे. प्रांताधिपतीची मुदत सहसा वर्षाची, म्हणून गल्लियो ५१–५२ मध्ये करिंथला होता असे बहुतेक मानतात. त्याचा भाऊ सेनेका लिहितो की अखयात ताप येताच गल्लियो जहाजावर चढला, तेव्हा मुदत पुरी केली की नाही हेही सांगता येत नाही.

आता यातली गोम पाहा. गल्लियोसमोर पौलाची सुनावणी झाली हे फक्त कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. पत्रांत गल्लियोचा मागमूस नाही. १९५० नंतर अमेरिकेत आणि मग जर्मनीत ‘चरित्र पत्रांतूनच उभारायचे, कृत्ये मागून तपासायची’ असा आग्रह धरणारी मंडळी पुढे आली. मला त्यांची शिस्त पटते. ज्याचे चरित्र लिहायचे त्याची स्वतःची साक्ष पुढे ठेवायलाच हवी. पण निरपेक्ष सन हवा म्हटले की त्यांनाही कृत्यांच्याच दाराशी यावे लागते. काहींनी सांगितले की अठराव्या अध्यायात करिंथच्या दोन निरनिराळ्या भेटी एकत्र केल्या आहेत, गल्लियो फक्त दुसरीचा, आणि थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ४१ च्या सुमाराचे. त्यासाठी त्याच अध्यायात आलेल्या, क्लौद्याने रोममधून यहुद्यांना काढल्याच्या घटनेचे वर्ष ४९ ऐवजी ४१ धरावे लागते. पण ४१ चा आधार असलेला इतिहासकार सम्राटाने यहुद्यांना हाकलले नाही, फक्त सभा बंद केल्या, असे सांगतो. आणि ४९ चा आधार असलेला लेखक पाचव्या शतकातला. दोन्हीकडे पाया पातळच.

पत्रांतला आपला एक खुंटा आहे, पण तो सैल. दिमिष्कमधून पाटीत बसून तटाच्या खिडकीतून निसटलो, तेव्हा नबाती लोकांच्या अरीतास राजाचा अधिकारी शहराची राखण करत होता, असे पौल करिंथकरांना लिहितो. अरीतास ४० च्या सुमारास वारला, म्हणजे पलायन त्याआधीचे. याहून बारीक काही त्यातून निघत नाही.

१९६० च्या दशकात संगणकाने शब्द मोजून प्रश्न सोडवायचाही प्रयत्न झाला. स्कॉटलंडच्या एका पाळकाने वाक्यांची लांबी आणि बारीकसारीक अव्ययांचे प्रमाण मोजून मोजकीच पत्रे खरी ठरवली. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पण एवढ्या तोकड्या मजकुरावर आकडेमोड टिकत नाही, शिवाय पौल पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेई. रोमकरांच्या पत्रात तर लेखनिक तर्तिय स्वतःच नमस्कार सांगतो. १९७७ नंतर चर्चेचे लक्ष कालक्रमावरून पौल आणि त्याचा यहुदी धर्म यांच्या नात्याकडे वळले. तो विषय मोठा आणि वेगळा.

कालक्रमाचा वाद मात्र मिटलेला नाही. अलीकडे काही अमेरिकी अभ्यासक कृत्यांचे लेखन दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नेतात आणि त्या लेखकाने पौलाची पत्रे वाचली होती असे म्हणतात. ते खरे धरले तर दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत हेच गृहीत धरता येत नाही आणि भेटींची मोजणी नव्याने करावी लागते. दरम्यान रोमन कॅथलिक चर्चने २००८–०९ हे पौलाच्या जन्माच्या दोन हजाराव्या वर्षाचे म्हणून साजरे केले, जरी जन्मसाल सांगणारे एकही साधन उपलब्ध नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस रोमच्या तटाबाहेरच्या पौलाच्या चर्चमधील शवपेटीतल्या हाडांचे तुकडे पहिल्या वा दुसऱ्या शतकातले असल्याचे जाहीर झाले. त्याने गलतीमधल्या चौदा वर्षांचा हिशेब इकडचा तिकडे झालेला नाही.