रोहित्राची उचल आणि हलवाहलव

रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो कारखान्यातून उपकेंद्रातल्या चौथऱ्यावर नेऊन बसवण्याचे हे काम. ४०० केव्ही (४ लाख व्होल्ट) उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्राचे वजन तेल काढल्यावरही १०० टनांच्या पुढे जाते. पण वजनापेक्षा मोठी काळजी आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांची असते. धक्क्याने ती किंचित सरकली तरी बाहेर ओरखडा दिसत नाही आणि बिघाड पुढे कधीतरी शॉर्टसर्किटचा झटका बसल्यावर उघड होतो.

म्हणून बुशिंग (वीज टाकीच्या आतबाहेर नेणारे चिनीमातीचे खांब), तेल थंड करणारे रेडिएटर आणि वरची तेलटाकी आधी उतरवून वेगळी बांधतात. मुख्य टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन थोड्या दाबाखाली भरतात, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. टाकीवर धक्के नोंदवणारे यंत्र बसवतात. रोहित्र पोचले की सर्वांत आधी त्याची नोंद वाचतात.

स्लिंग, म्हणजे बोजा उचलायचा दोर, टाकीच्या ठरलेल्या कड्यांतच अडकवायची, बुशिंगला किंवा रेडिएटरला कधीच नाही. खरी फसगत स्लिंगच्या कोनात होते. १० टनांचा बोजा दोन उभ्या दोरांवर घेतला तर प्रत्येकावर ५ टन येतात. दोर आडव्या रेषेशी ६० अंशांत आले तर सुमारे ५.८ टन, आणि ३० अंशांत आले तर प्रत्येकावर पुरे १० टन. बोजा चार बोटे उचलून थांबायचे, तोल पाहायचा, मगच पुढे. त्याच्या खाली कोणीही उभे राहायचे नाही.

क्रेन पोचत नाही तिथे खलाशी, म्हणजे अवजड बोजे हलवणारे कामगार, जॅक आणि लाकडी स्लीपरवर (जाड ओंडक्यांवर) काम काढतात. एका बाजूचे दोन्ही जॅक एकदम थोडे चढवायचे, लगेच खाली स्लीपर सरकवायचा, मग दुसरी बाजू. तिरपे समोरासमोरचे कोपरे उचलले तर टाकी पिळते. खाली सोडायची ‘आरिया’ ही हाक पोर्तुगीज दर्यावर्दींकडून आलेली. हाक एकानेच द्यायची. थांबण्याची मात्र कोणाचीही ऐकायची.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यातली उचलयंत्रे, साखळ्या आणि दोर किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावे लागत; २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली.

गावातल्या डीपीवरचे १०० केव्हीएचे रोहित्र या मानाने लहान, साधारण अर्ध्या टनाचे. जळाले की शेतकरी अनेकदा ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेतात. ते उभेच ठेवून चारही बाजूंनी बांधले पाहिजे. आडवे पडले तर तेल सांडते आणि बुशिंगची चिनीमाती तडकते.