'लेट' आणि 'लेट': इंग्रजी स्वरांमागची देवनागरी

उशिराचा 'लेट' आणि 'करू दे'मधला 'लेट' नागपूरच्या मराठी शाळेतली पोरं सारखेच म्हणतात. मग विदर्भातली बोली, वर हिंदीची सरमिसळ, असं म्हणून त्यांच्या जिभेला दोष देण्याची रीत आहे. जिभेचा वाटा थोडाफार असेलही. पण ज्या लिपीतून मूल इंग्रजी उच्चार टिपून घेतं, तिचं काय?

नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, आणि त्या प्रांतात मराठी मुलूख होता तसा हिंदीही होता. त्यामुळे एकच इंग्रजी शब्द एकाच देवनागरीत दोन तऱ्हांनी लिहिला जाई. हिंदीत 'बैंक', तर मराठीत आधी 'ब्यांक' आणि पुढे अर्धचंद्र रुळल्यावर 'बँक'. हिंदीतला ऐ त्या पसरट इंग्रजी स्वराच्या बराच जवळ जातो. मराठीतला ऐ म्हणजे सरळ 'अइ'. हिंदीतून इंग्रजी शिकवणारी पुस्तकं सीताबर्डीवर सहज मिळतात; त्यांतला 'बैट' मराठी पोरानं 'बइट' वाचला तर त्याचं काय चुकलं?

ऱ्हस्व-दीर्घाचा गुंता वेगळा. इ-ई आणि उ-ऊ ही चिन्हं देवनागरीत आयती आहेत, म्हणजे जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' सुखानं वेगळे राहायला हवेत. पण 1962 च्या लेखननियमांनी 'अ'नं संपणाऱ्या मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार-उकार दीर्घ ठरवला: गरीब, वकील, तूप. इंग्रजीत दोन्ही स्वर आखूड असलेलं 'तिकीट' याच वळणानं दीर्घ झालं. बोलताना तर आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसे पाळतच नाही. मग 'भरलेला' अर्थाचा फुल आणि मूर्ख अर्थाचा फूल यांत फरक आहे हे मुलाला कळणार कुठून? त्याच्यासाठी दोन्ही झाडावरचेच.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीत यायचं. उच्चार शिकण्याचं वय खाली आलं, पण शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची सवय तीच राहिली.

खरा वादाचा निर्णय 6 नोव्हेंबर 2009 चा. त्या दिवशीच्या शासन निर्णयानं प्रमाण वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना अधिकृत जागा दिली. इंग्रजीचे दोन स्वर घरात घेतले म्हणून नाराज झालेले होते, फार उशीर केला म्हणणारेही होते. संगणकावर गोंधळ आधीपासूनच होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण संचात, 'ए'वर चंद्र असलेला ऍ पहिल्यापासून होता, मराठी वळणाचा ॲ आला 2008 मध्ये. तोवर कुणी ऍ चालवून घेतला, कुणी 'अ'पुढे चंद्र टंकून जुळवाजुळव केली. डोळ्यांना सारखं दिसतं, शोधताना सापडत नाही. त्या काळातल्या फायली हाताळणाऱ्यांना हे सांगायला नको.

चर्चा जवळपास सगळी ॲ कसा काढायचा यावर झाली. कोणते स्वर बाहेर राहिले, याची विचारपूस फारशी झाली नाही. माझ्या मते तिथेच घोडं पेंड खातं. ॲ मिळाल्यानं पैजेचा 'बेट' आणि क्रिकेटची 'बॅट' कागदावर वेगळे राहिले, आणि कानालाही तो फरक लवकर कळतो. 'ऑ'चं तसं नाही. लॉ कॉलेज चौक हे नाव ब्रिटिश धाटणीनं म्हटलं तर 'लॉ'मधला स्वर लांब, ओठ जास्त गोल. 'कॉलेज'मधला आखूड, तोंड अधिक उघडं. पाटीवर दोन्हीकडे एकच चिन्ह. अर्थात इथे नुकसान कमी. पुष्कळ अमेरिकनही हे दोन स्वर एकच म्हणतात, आणि आपल्याकडे कॉटन मार्केटचं 'काटन मार्केट' झालं तरी रिक्षा योग्य जागी पोचते.

'ए'ची गोष्ट मात्र महाग पडते. लेखणीचा 'पेन' आणि दुखण्याचा 'पेन', परीक्षेची 'टेस्ट' आणि चवीची 'टेस्ट', मिळवण्याचा 'गेट' आणि फाटकाचा 'गेट': इंग्रजीत या जोड्यांतला पहिला स्वर आखूड, दुसरा 'एइ'कडे सरकणारा. मराठीला ऱ्हस्व ए लिहायची सोयच नाही. आपल्याच विदर्भाच्या टोकाला, सिरोंच्याकडे चालणाऱ्या तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ए अशी दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. द्रविड भाषांसाठी देवनागरीतला ऱ्हस्व 'ऎ' युनिकोडमध्येही आहे. 2009 च्या वर्णमालेनं तो घेतला नाही. मराठी शब्दांना त्याची गरज नाही हे खरं, पण मराठी शब्दांना ॲ तरी कुठे लागत होता?

भारतीय इंग्रजीत या जोड्या मुख्यतः लांबीवरच वेगळ्या ओळखल्या जातात. त्यामुळे वहीत अवग्रह घालून 'लेऽट', 'पेऽन', 'गेऽट' असं लिहिलं तरी वर्गापुरतं भागतं.