हवेच्या पंपाने आमिष जगते, हा गैरसमज
जिताडा मासा पकडायच्या गळासाठी घरच्या पिंपात जिवंत कोळंबी ठेवणारे अनेक जण मानतात की हवेचा पंप चालू असला की पाणी बदलावे लागत नाही. हे खरे नाही. पंप प्राणवायू पुरवतो. मात्र कोळंबी कल्ल्यांवाटे सतत सोडते तो अमोनिया त्यामुळे नाहीसा होत नाही, आणि पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) व तापमान वाढले की तोच अधिक विषारी ठरतो. पाणी गाळणाऱ्या स्पंज फिल्टरमधील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, पण ते रुजायला काही आठवडे लागतात. तोवर दाटी टाळणे, मेलेली कोळंबी लगेच काढणे आणि तितक्याच खारटपणाचे पाणी थोडेथोडे बदलत राहणे, हाच माझ्या मते खरा उपाय आहे. पिंप सावलीत असावे, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो; 30 अंश सेल्सिअसला समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 6 मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो.