रेशनकार्डावर काय मिळतं, काय नाही: रंगाआधी शिक्का बघा

केशरी कार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही? महाराष्ट्रात रेशन दुकानापुढच्या पुष्कळ वादांचं मूळ याच प्रश्नात असतं. कार्ड उघडा आणि त्यावर ‘अंत्योदय’ किंवा ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का ते बघा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खाली धान्य मिळतं ते याच दोन गटांना. शिक्का नसलेल्या केशरी कार्डावर आणि पांढऱ्या कार्डावर दरमहा धान्याचा हक्क नाही.

अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, घरात माणसं दोन असोत की आठ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती हे जिल्ह्याला आलेल्या नियतनाप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या साठ्याप्रमाणे, बदलतं, कधी ज्वारीही येते. एकूण किलो मात्र तेवढेच भरले पाहिजेत. पूर्वी तांदळाला ३ आणि गव्हाला २ रुपये किलो द्यावे लागत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहणार आहे. त्यामुळे हमाली, गाडीभाडं, मशीनचा खर्च अशा नावाखाली कुणी दहा-वीस रुपये मागितले तर देऊ नका. दुकानदाराचं कमिशन सरकार देतं.

तेल, डाळ, साबण, चहापत्ती या वस्तू या हक्कात येत नाहीत. दुकानात त्या विकायला ठेवलेल्या असल्या तरी ‘आधी हे घ्या, मग धान्य’ अशी सक्ती करता येत नाही. ‘आनंदाचा शिधा’ ही राज्य सरकारची वेगळी योजना. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळालं होतं. पण सरकारने त्या त्या सणाला जाहीर केला तरच तो मिळतो, दरवर्षीचा हक्क म्हणून मागता येत नाही. साखर फक्त अंत्योदय कार्डाला, महिन्याला एक किलो, आणि तिचे सवलतीच्या दराने पैसे पडतात. धान्याच्या बदल्यात दुकानदाराकडून रोख घेणं किंवा रेशनचा तांदूळ बाहेर विकणं हे दोन्ही बेकायदा आहे.

शिक्का नसलेल्या केशरी कार्डासाठी मात्र काही जिल्ह्यांत एक वेगळी वाट आहे. छत्रपती संभाजीनगर व अमरावती विभागातले सगळे जिल्हे आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी बँक खात्यात रक्कम मिळते. सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये होते, पुढे १७० झाले. हे पैसे कशावर खर्च करायचे ते कुटुंबाने ठरवायचं.

प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. मर्यादेत बसलात तरी लगेच शिक्का मिळेलच असं नाही, कारण प्रत्येक जिल्ह्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना लाभ द्यायचा तो आकडा, ठरवून दिलेला असतो. तो भरला असेल तर जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. मला ही गोष्ट फार खटकते. गरज इष्टांक बघून येत नाही. तरीही अर्ज नक्की करा आणि पोच घ्या, कारण मयत आणि दुबार नावं कमी झाली की जागा होतात.

अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायचा, मुंबईत शिधावाटप कार्यालयात आणि पुण्यात परिमंडळ कार्यालयात. आरसीएमएस या रेशनकार्डाच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो. सगळ्यांची आधारकार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वीजबिल किंवा भाडेकरार असा पत्त्याचा पुरावा आणि कुटुंबप्रमुख महिलेचा फोटो जोडा. कायद्याने घरातली सर्वांत ज्येष्ठ, १८ वर्षांवरची स्त्री कुटुंबप्रमुख असते. बाळाचं नाव घालायला जन्मदाखला लागतो. सुनेचं नाव घालताना मात्र हमखास अडतं. तिचं नाव माहेरच्या कार्डावर तसंच असेल तर इथे चढत नाही. आधी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग विवाह नोंदणी प्रमाणपत्रासोबत तो जोडा.

कार्डातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, झालेली हवी. ती कुठल्याही रेशन दुकानात होते, त्यासाठी गावी जायला नको. धान्याचंही तसंच आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर किंवा कर्नाटकात गेलेलं जोडपं रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर सांगून, अंगठा लावून तिथेच आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतं. गावी राहिलेल्या आजीचा वाटा गावच्या दुकानात शाबूत राहतो. सहा महिने एकदाही धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद पडू शकतं, म्हणून स्थलांतरितांनी ही सोय जरूर वापरावी. म्हाताऱ्या किंवा विटा-मातीत काम करणाऱ्या माणसाचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांचं स्कॅन किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी मागा. ठसा उमटला नाही, एवढ्यावरून कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही.

अंगठा लावला की मशीनमधून पावती निघते. ती घ्या आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या किलोशी ताडून बघा. पावतीवर २५ आणि पिशवीत २२ असतील तर तिथेच विचारा. दाद लागली नाही तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि पावतीच्या फोटोसह लेखी अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे द्या. हक्काचं धान्य मिळालंच नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख करा.