कोयना आणि किल्लारी: भूकंपात धरणाचा वाटा किती?

महाराष्ट्रात कुठंही जमीन हलली की पारावर आणि चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "धरणामुळं झालं." कोयनेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तेच वाक्य किल्लारीलाही चिकटवलं जातं तेव्हा मात्र गफलत होते, आणि तिच्यामुळं किल्लारीत इतकी माणसं का गेली हा खरा प्रश्न बाजूला पडतो.

हे दोन भूकंप एकाच पठडीतले वाटावेत इतकं त्यांच्यात साम्य आहे. कोयनेचा झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे सव्वाचारच्या पुढं. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या जरा आधी. ताकद जवळजवळ तेवढीच, ६.३ आणि ६.२, मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडे थोडे मागंपुढं होतात. केंद्र दोन्हीकडं उथळ. आणि दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, हा विश्वासही दोन्हीकडं होता.

त्या विश्वासाला कारण होतं. जगातले बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या मोठ्या तुकड्यांच्या, कडांवर होतात: जपान, चिली, इंडोनेशिया, आपल्याकडं हिमालय. कोयना आणि किल्लारी त्या कडेपासून हजार किलोमीटरहून जास्त आत आहेत. पण भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वेगानं उत्तरेला सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. या रेट्याचा ताण पट्टाच्या पोटातही साठत राहतो. सह्याद्रीचा काळा कातळ हा वरचा थर. कोयनेपाशी तो एक किलोमीटरच्या आसपास जाड आहे, किल्लारीपाशी साडेतीनशे मीटरच्या आसपास. त्याच्याखाली फार जुना ग्रॅनाइटी खडक आहे आणि त्यात जुने भ्रंश आहेत, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींवर घसरू शकतील अशा भेगा. ताण सोसेनासा झाला की तिथंच खडक घसरतो. दोन्ही भूकंपांमागची ऊर्जा ही अशी, जमिनीचीच. धरणातलं पाणी एवढी ऊर्जा तयार करू शकत नाही.

मग कोयनेत धरणानं काय केलं? निमित्त पुरवलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि त्यामागोमाग परिसरात लहान धक्के सुरू झाले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का बसला, डिसेंबरात मुख्य भूकंप झाला. पाण्याचं वजन हा त्यातला छोटा भाग. खरं काम होतं ते खोलवर: पाण्याचा दाब भेगांमधून भ्रंशापर्यंत पोहोचतो आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी करतो. आधीच सुटायच्या बेतात असलेला भ्रंश त्यानं सुटतो.

हा नुसता तर्क नाही. कोयनेचे धक्के सहा दशकं होऊन गेली तरी थांबलेले नाहीत. पावसाळ्यात जलाशय भरला की आणि नंतर पाणी उतरू लागलं की त्यांची संख्या वाढते. पाणी किती वेगानं चढलं, आधीच्या कमाल पातळीच्या वर गेलं का, किती काळ तिथं टिकलं, याच्याशी त्यांचा संबंध भूकंपतज्ज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मांडला आहे. दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागल्यावर काही वर्षांत धक्क्यांचा पट्टाही तिकडं पसरला. म्हणूनच कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि याच परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. धरणामुळं भूकंप होणारी जगातली जागा विचाराल तर पहिलं नाव कोयनेचं निघतं.

किल्लारीला ही कसोटी लावून पाहा. जवळ माकणीचं निम्न तेरणा धरण आहे, त्याच्याकडं काहींनी बोट दाखवलं. पण तो जलाशय उथळ, आणि पाणी चढलं की धक्के वाढले असा कोयनेसारखा वर्षानुवर्षांचा ताळमेळ तिथं नाही. १९९२ मध्ये तिथं लहान धक्के बसले होते, गावकऱ्यांनी ते सांगितलेही होते. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के हळूहळू विरत गेले. बहुतेक भूकंपतज्ज्ञ त्याला पठाराच्या पोटातल्या ताणाचाच भूकंप मानतात. तिथं खडकाची एक बाजू दुसरीवर चढली आणि किल्लारीजवळच्या शेतात जमीन उचलली गेलेली दिसली. कोयनेत मात्र दोन बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या.

आता मृतांकडं बघू. कोयनेत दोनशेच्या आत. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ आणि आसपासच्या गावांत मिळून सात हजारांहून कितीतरी जास्त. कोयनेचं खोरं डोंगराळ, वस्ती विरळ. लातूर-उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) सीमेवरची गावं दाट. तरी एवढ्यानं हा फरक भरून निघत नाही. घरं पाहावी लागतात. तिथल्या भिंती दोन-तीन फूट जाड, दगड मातीत रचलेले. बाहेरून भक्कम दिसायच्या. आत मात्र त्या दोन वेगळ्या भिंतीच होत्या, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी तुळयांवर मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर. जमीन आडवी हलली, बाहेरची बाजू एकीकडं ढासळली, आतली घरात कोसळली आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. थकून माणसं गाढ झोपली होती.

मला या तुलनेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण तसं जुनं दगडी घर आणि वर माळवद आजही मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी आहे. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे दांडे बसवणं, चारी भिंतींना वरून एकसंध पट्टा बांधणं, माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती उतरवणं, ही कामं गावचा गवंडी करू शकतो. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला माळवदावर आणखी एक थर टाकायचा विचार असेल, तर आधी खालची जुनी माती काढून घ्या.